खिडकीचे दोन थर

सुनेच्या हातातल्या कागदावर मधोमध एक उभी रेघ होती, तो कालवा. रेघेच्या पलीकडच्या वस्तीसाठी शाळा, दवाखाना, दिवसभर पाणी असे सात मुद्दे उतरले होते. अलीकडच्या वस्तीसाठी दोनच : झाडे आणि शांतता.

"आणि बाबांचा आग्रह," मुलगा म्हणाला. "तोही याच बाजूला लिही. आठवडाभर कान किटलेत."

चाळीस वर्षे गवंडीकाम केलेल्या माणसाच्या सवयीने बाबा अलीकडच्या वस्तीतल्या, दुसऱ्या मजल्यावरच्या त्या रिकाम्या घरात भिंतींवरून तळहात फिरवीत होते. दोन्ही घरे बघून झाली होती. संध्याकाळपर्यंत कोणत्या तरी एका मालकाला होकार कळवायचा होता.

स्वयंपाकघराच्या खिडकीशी सून थबकली. "ही एवढी खाली कशी? बाकीच्या मजल्यांवर तर नीट आहेत. आपलं पिल्लू पहिल्याच दिवशी चढेल हिच्यावर."

"गवंडी डुलक्या घेत असणार," मुलगा हसला. "विटांचे दोन थर खाल्ले गड्याने. बाबा, आता तुम्हीच काय ते सांगा. अलीकडे की पलीकडे? तुम्ही म्हणाल ते."

बाबांनी बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक केली. मग कोपऱ्यात, खाली वाकून, पुन्हा एकदा. आवाज पोकळ आला.

"पलीकडचं घ्या."

"अहो, पण तुम्हीच तर..." सून म्हणाली.

"वाळू खारी आहे. दर वर्षी गिलावा फुगणार, पोपडे पडणार. लहान मूल असलेल्या घरात नको ते."

"नुसत्या टकटकीवरून कळलं? धन्य आहे तुमची," असे म्हणत मुलगा पलीकडच्या मालकाला फोन लावीत जिना उतरलासुद्धा.

सुनेने कागदाची घडी घातली. "बाबा, इथे तुम्ही काम केलंय ना?"

"गिलावा माझा. वाळू ठेकेदाराची."

"आणि खिडकी?"

बाबांनी खिडकीच्या कट्ट्यावर हात टेकला. "हा दहा महिन्यांचा होता तेव्हा. या कोपऱ्यात झोळी टांगायचो त्याची. त्याची आई खाली आवारात सिमेंट-वाळूचा माल कालवायची. तिला तिथून झोळी दिसत नव्हती. त्या दोन थरांपायी ठेकेदाराने चारचौघांत शिव्या घातल्या मला."

"मग ह्यांना का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर त्याने हेच घेतलं असतं."

खालून हाक आली. आवाराच्या मध्यभागी उभा राहून मुलगा वर पाहत होता. तिथून त्याला बाबा पार कमरेपर्यंत दिसत असावेत. "बाबा, चला की!"

"येतोय म्हणून सांगू का?" सुनेने विचारले.

"थांब जरा," बाबा म्हणाले. "अजून एकदा मारू दे हाक. त्याची आई तिथूनच मारायची."