एकच बाण

दुपारचा चहा झाला की बाई आतल्या खोलीचं दार लोटून घ्यायच्या आणि स्वतःचीच लेक व्हायच्या.

बाहेर संगणकापुढे त्यांचे यजमान, म्हातारबुवा, बसलेले असायचे. जन्मभर घरांचे आराखडे काढलेला माणूस, पण अर्धांगाच्या झटक्यात उजवा हात गेला. हात वापरात राहिला तरच सुधारेल, डॉक्टरांनी बजावलं होतं. व्यायामाचं नाव काढलं की मात्र स्वारी भिंतीकडे तोंड करून पडायची.

त्या संगणकावर लिनक्स ही प्रणाली घालून, लांबून जोडायची सोयही करून दिली होती लेकीनेच. "इथे बसलेला आणि लांबून जोडलेला, दोघांना पडदा एकच, बाण एकच," तिने आईला समजावलं होतं. "पासवर्ड ठाऊक असला की कोणीही येऊ शकतं." पुढे वडिलांच्या धंद्यात यायला तिने नकार दिला, बापलेकीत कडाक्याचं वाजलं आणि ती घर सोडून गेली. त्यानंतर ना फोन, ना निरोप.

झटक्यानंतर एके दिवशी बाईंनी जुना लॅपटॉप त्या संगणकाला जोडला आणि पडद्यावर लिहिलं, "बाबा, मला घर बांधायचंय. आराखडा काढून द्याल?"

तेव्हापासून म्हातारबुवा रोज बसू लागले. रेघ वाकडी जायची, ते पुसून पुन्हा ओढायचे. बाई आतून मुद्दाम आराखड्यातली एखादी खिडकी सरकवायच्या, ते चरफडत ती जागेवर आणायचे. तेवढाच हाताला व्यायाम. आपण नवऱ्याला फसवतोय हे बाईंना टोचायचं, पण त्याची बोटं सुटी होत होती.

गेल्या आठवड्यात आराखड्यात पुढच्या दाराजवळ एक नवी खोली दिसली. आत एक खाट. बुवांनी स्वतःची सोय करून ठेवली म्हणायची, असं वाटून बाईंना आधी हसू आलं, मग भरून आलं.

आज मात्र काठी टेकत म्हातारबुवा थेट आतल्या खोलीत आले. बाईंना लॅपटॉप मिटायलाही सवड मिळाली नाही.

"राहू दे," खुर्चीत टेकत ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून माहितीये मला."

"कसं?"

"दाराची घंटा वाजली की लेकीचा बाण जागच्या जागी थांबायचा."

"मग बोलला का नाहीत, अहो?"

"तुझी एवढी खटपट चाललेली. आणि त्या निमित्ताने घरात तिचं नाव तरी निघत होतं. ती खोली मात्र झकास काढलीस हं. मला जिना चढवत नाही, हे बरोबर ध्यानात ठेवलंस."

"मी?" बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "ती तुम्ही काढलीत ना?"

"मी कशाला काढू? मला कुणी बोलावलंय तिथे?"

दोघांनी पडद्याकडे पाहिलं. बाईंचे हात मांडीवर होते, बुवांचे काठीवर. बाण हळूच सरकला आणि त्या खोलीत, खाटेला लागून, दुसरी खाट काढू लागला.