तिसरं पदक

आंतरशालेय क्रॉसकंट्रीच्या फायनलला शेवटच्या वळणावर तिसरी असलेली मुलगी चिखलात घसरून पडली. आमची लेक तिच्या बरीच मागे, चौथी होती. ती पोर आपली आपण उठत होती, तेवढ्यात आमचे हे दोरीखालून आत घुसले आणि दंडाला धरून तिला उभं केलं.

बाहेरच्याची मदत झाली म्हणून पंचांनी तिला बाद केलं. पदक आमच्या लेकीला मिळालं. तरी त्या मुलीची आई ह्यांचे हात धरून म्हणाली, "तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत हो आता." हे मान खाली घालून हसले. मला शिसारी आली.

 

सकाळी गाडीतून उतरताना ह्यांनीच मला बजावलं होतं, "आपली पोर पडली तरी हात लावू नकोस हं, लगेच बाद करतात."