दर मृगाला तीच सूचना

"मॅडम, पुरावा आहे ना!" मंजिरीने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर एकोणिसाव्या शतकातलं एक शेतकी साप्ताहिक होतं, आता स्कॅन होऊन संकेतस्थळावर आलेलं. तिच्या प्रबंधातलं हे प्रकरण उद्या विद्यापीठात द्यायचं होतं, आणि त्यात तिने ठामपणे लिहिलं होतं, ‘त्या काळी शेतकरी ज्वारीचं बी मोरचुदाच्या पाण्यात भिजवून पेरत, त्यामुळे काणी रोग आटोक्यात होता.’

"ही तर संपादकाची सूचना आहे," मी म्हणाले. "शेतकऱ्यांनी ती ऐकली कशावरून?"

"दर मृगाला छापलीय, मॅडम. वर्षानुवर्षं!"

"तुझी आई रोज सांगते ना, पंखा बंद करून जा? मग करतेस?"

ती हसली, पण हटली नाही. "शेवटी सूचना थांबलीय. म्हणजे सगळे भिजवायला लागले असणार."

मी डोळे मिटून कपाळावर हात ठेवला. "जिथे थांबली, तो अंक उघड."

तिने उघडला आणि मोठ्याने वाचला. ‘काणीविषयीं आम्हीं सांगावयाचें तें सांगितलें. कोणीहि ऐकिलें नाहीं. यापुढें या विषयावर आम्ही शाई दवडणार नाहीं.’

मंजिरीने आपलं वाक्य खोडून त्या जागी ‘शेतकऱ्यांनी ऐकलं नाही. का?’ असं लिहिलं. मग पडद्याकडे बघत म्हणाली, "बिचारा संपादक! डोकं धरून बसला असेल, नाही?"

मी कपाळावरचा हात हळूच खाली घेतला.