कुठला गुडघा?

पाण्याच्या टाकीमागे दबा धरून दुसऱ्या फुटबॉल संघाचा सराव दुर्बिणीतून चोरून बघायचा, ही त्याची नोकरी. आता त्या संघात पोटचा पोरगाच खेळत होता, त्याला तो तरी काय करणार?

"तुझ्या पोराला लागलंय म्हणे," प्रशिक्षक म्हणाला. "कुठला गुडघा? तिथंच हाणायला सांगतो."

पट्टी डाव्या गुडघ्याला होती.

"उजवा," बाप बेधडक खोटं बोलला. धडधाकट गुडघा एखादी लाथ सहज सोसेल.

सामन्याच्या दहाव्या मिनिटाला उजव्या गुडघ्यावर लाथ बसली. मुलाला उचलूनच न्यावं लागलं.

"बाबा, त्यांना कळलं कसं?" इस्पितळात तो कण्हत म्हणाला. "कुणी चोरून बघेल म्हणून आम्ही पट्टी मुद्दाम चांगल्या पायाला बांधली होती."