उसना श्वास

तीस वर्षं मालवणच्या समुद्रात बुड्या मारणाऱ्या जयवंत मेतरला माशांसारखे नवे कृत्रिम कल्ले पहिल्याच दिवशी आवडले. पाठीवर सिलिंडर नाही, तोंडात नळी नाही. मानेला बसवलेली पट्टी पाण्यातला प्राणवायू काढून थेट रक्तात सोडायची. "आता आम्ही मासेच झालो," असं तो ते बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाला म्हणाला आणि त्यांनी ते जाहिरातीत छापलंही.

गुरुवारी तो आणि त्याचा जुना जोडीदार फ्रान्सिस तीस मीटर खोल, बुडालेल्या मालवाहू बार्जवर काम करत होते. फ्रान्सिसच्या कल्ल्यांत गाळ भरला. त्याने हात गळ्यावरून आडवा फिरवला. श्वास संपल्याची खूण ओळखून जयवंतने सवयीने कमरेशी चाचपलं. पूर्वी तिथे सिलिंडरची दुसरी नळी असायची, अशा वेळी जोडीदाराच्या तोंडात द्यायला. आता तिथे काहीच नव्हतं. त्याच्या स्वतःच्या रक्तात प्राणवायू भरपूर होता, पण त्यातला कणभरही फ्रान्सिसला देता येत नव्हता. त्याला कवेत घेऊन जयवंत वर निघाला. अर्ध्या वाटेत फ्रान्सिसची पकड सुटली.

संध्याकाळी जयवंत फ्रान्सिसच्या घरी गेला तेव्हा त्याची बायको रोझलीन दारातच उभी होती.

"तू बाजूक होतस मां?" तिने विचारलं.

"होतंय मी."

"तुझा यंत्र चालू होता?"

"होता."

"मगे?"

जयवंतने तिला सगळं नीट समजावून सांगितलं. हे कल्ले ज्याचे त्यालाच उपयोगी पडतात, दुसऱ्याला त्यातून श्वास देता येत नाही.

"म्हंजे तो एकटोच होतो," ती म्हणाली आणि आत गेली.