दोनशेच्या आसपास

बारा वाजून दहा मिनिटांनी रुग्णवाहिका नियंत्रण कक्षातला मोठा पडदा पुन्हा अडकला. नकाशावरच्या सव्वीस गाड्या जागच्या जागी थिजल्या. पान नव्याने उघडायला चाळीस सेकंद लागत. तेवढा वेळ कोणती गाडी कुठे आहे, हे कुणालाच दिसत नसे. काल त्या चाळीस सेकंदांत जवळची गाडी राहिली आणि लांबची गेली. पेशंट वाचला, पण थोडक्यात.

इंजिनीअर सकाळपासून कोपऱ्यातल्या टेबलावर होती. "सहा तास झाले की ब्राउझरची मेमरी भरते," ती म्हणाली. "पाच तासांनी पान आपोआप नव्याने उघडेल, असं करून देते."

"तासांचा काय संबंध?" मुख्य ऑपरेटर म्हणाल्या. पाठीमागे सगळे त्यांना हेडमास्तरीण म्हणत. त्यांना ते माहीत होतं. त्यांनी वही पुढे सरकवली. "रविवारी पडदा संध्याकाळपर्यंत चालला. बस उलटली त्या दिवशी सकाळी नऊलाच अडकला. दर वेळी दोनशेच्या आसपास कॉल झालेले असतात."

"हे आधी का नाही सांगितलंत, ताई?"

"विचारलंस कुठे?"

इंजिनीअरने खुर्ची पुढे ओढली. आपल्या संगणकावर तिने मेमरीची नोंद घेतली, दहा खोटे कॉल उघडले, दहाही बंद केले, पुन्हा नोंद घेतली. पानावरून त्या कॉलच्या दहा ओळी गेल्या होत्या. मेमरीत दहाही होत्या. प्रत्येक ओळीत कॉलची मिनिटं मोजणारं घड्याळ होतं. ओळ पुसली जाई, घड्याळ कुणी थांबवत नसे. आणि चालू घड्याळ आपली ओळ सोडत नसे.

"म्हणजे घरी गेलेल्या पेशंटचीही मिनिटं मोजतोय अजून?"

"सगळ्यांची."

"कुठल्या दिवट्याने लिहिलंय हे?"

"मी," इंजिनीअर म्हणाली. "तीन वर्षांपूर्वी."

हेडमास्तरणींनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. अकरा मिनिटं त्या एका घाबरलेल्या मुलीशी बोलत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "गाडी आली का? आत आले? बरं. मी आता ठेवते हं." मगच त्यांनी कॉल बंद केला. सकाळपासूनचा प्रत्येक कॉल त्यांनी असाच बंद केला होता. इंजिनीअरच्या ते आत्ता लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी दोनशे एकतीस कॉल झाले. गाड्या सरकत राहिल्या. मेमरीचा आकडा संध्याकाळीही जवळपास सकाळी होता तिथेच होता.

"केलंस तरी काय?"

इंजिनीअरने स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. कोडमध्ये घड्याळ थांबवणारी एकच नवी ओळ होती. तिच्यावर, पुढे कधी कुणी हे काम हाती घेईल त्याच्यासाठी, टीप: "गाडी आली का? मी आता ठेवते हं."

हेडमास्तरणींनी ती दोनदा वाचली.

"'आली का' विचारल्यावर थांबायचं असतं," हेडफोन चढवत त्या म्हणाल्या. "उत्तर येईपर्यंत."