इंदुमतीची प्रत

"खरी की नकली, एवढंच लिहायचं, सर. नकली ठरली तर आम्ही ती पुसून टाकू," असं सांगून संस्थेच्या संचालक रेवती पालेकर बाहेर गेल्या.

ऐंशी वर्षांचे अनंत बिवलकर पडद्यासमोर बसले. पडद्यावर इंदुमती टिपणीस होती. गेल्या वर्षी ती वारली, त्याआधी तिच्या मेंदूची प्रत काढून घेतली होती. तिला जवळून ओळखणारे आता बिवलकरच उरले होते, म्हणून प्रतीत खरोखर तीच उतरली आहे का, हे त्यांनी ठरवायचं होतं.

संगणकाला बीजगणित शिकवलं ते इंदुमतीने, असं जग मानायचं. पुरस्कार तिला, पाठ्यपुस्तकात धडा तिच्यावर. पण ज्यावर ते सगळं काम उभं होतं, ती पदावलीचे अवयव पाडण्याची रीत बिवलकरांची होती, आणि प्रबंधावर नाव तिचं एकटीचं होतं. पन्नास वर्षं ते आतल्या आत जळत आले होते. 'नकली' लिहायचं हे ते घरूनच ठरवून आले होते.

"अनंता, किती रे वाळलास!" प्रत म्हणाली.

"अवयवांची रीत कुणाची होती?" त्यांनी थेट विचारलं.

"तुझी. जिवंतपणी सांगायचा धीर झाला नाही. तू काहीही लिही, पण रेवतीला मी सकाळीच सगळं सांगितलंय."

बिवलकरांनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी कागदावर 'खरी' असं लिहिलं.

जे ऐकायला अर्धं आयुष्य थांबले, ते ऐकूनही आतली आग विझेना. मोठेपणा दाखवायची वेळ आली, तर तिथेही ती त्यांच्या आधीच पोचली होती.